अर्थ

खांबेटे आले ते गाडी आणि चिठ्ठी घेऊन.
गाडी फियाट, दुधी रंगाची, बॉनेटला डावीकडे पोचा.
चिठ्ठी वहीच्या पानाची, चार घड्यांची,
वर टाचणीची दोन भोकं:
"आपली गाडी सकाळी सात वाजता सुरू होते
आणि आमच्या बातम्या तळून निघतात.
उपाय करावा. आजगावकर, दुसरा मजला."

"माझ्या गाडीत रेडिओसुद्धा नाही," खांबेटे म्हणाले,
"आणि गाडी मस्त चालते. मग बिघडलंय काय?"

प्रश्न बरोबर होता.
गाडीचं काहीच अडत नव्हतं.

कॉइलशेजारी, जिथं बोटाएवढा कंडेन्सर असायला हवा,
तिथं नुसता एक स्क्रू
आणि काळी टेप गुंडाळलेलं वायरचं टोक.
कुणीतरी काढून टाकला होता, मध्ये येतो म्हणून,
किंवा तो काय करतो ते दिसत नाही म्हणून.
डायनामोवरचा जागेवर होता,
पण पोट फुगून तेल सुटलेलं.
प्लगच्या दोन टोप्या साध्या, स्वस्तातल्या,
आतली ठिणगी गल्लीभर सांगत सुटणाऱ्या.

नाना पेठेत तीन दुकानं हिंडलो.
"रेडिओचा? आता कोण बसवतं?"
चौथ्यात, माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात निघाले.
धूळ पुसली, मीटर लावला.
काटा उठला पाहिजे
आणि सावकाश परत बसला पाहिजे.
उठलाच नाही तर मेला,
उठून बसलाच नाही तर शॉर्ट.
याकूबमामा म्हणायचे, कुणी आलं की
उठून सलाम करावा, मग आपल्या जागी बसावं,
एवढी रीत ज्याला कळते तो माल चांगला.

पहिल्या वर्षी मी असाच एक
कॉइलच्या उलट्या टोकाला जोडला, पॉइंटच्या बाजूला.
तीन तास गाडी नुसती खोकत होती.
मामांनी न बोलता वायर सोडवली,
बॅटरीच्या टोकाला लावली,
आणि मला चहा आणायला पिटाळलं.
चहा दोनच सांगितले होते.

याची वायर एकच दिसते.
दुसरं टोक म्हणजे त्याचं पत्र्याचं अंग.
रंगावर स्क्रू आवळला तर दिसतं सगळं छान,
काम शून्य.
म्हणून पॉलिश पेपर घेतला आणि घासत बसलो
पांढरा पत्रा दिसेतो, आठ आण्याएवढा.
"अहो, माझा रंग!"
"रंग गेल्याशिवाय अर्थ मिळत नाही," मी म्हणालो.
मी कीर्तनाला उभा राहिल्यासारखं त्यांनी पाहिलं.
अर्थिंग हो, साहेब. आमच्या धंद्यात अर्थच म्हणतात.

फळीवरचा माझा रेडिओ लावला, मध्यम लहर.
सकाळी हीच गाडी सुरू होती
तेव्हा त्यात मोहरी तडतडत होती.
आता बाजारभाव चालले होते. मी रेस दिली.
आणखी दिली.
गूळ होता त्याच भावाला राहिला.

"पण त्यांना बरं ऐकू येतंय, हे मला कसं कळणार?"
"दुसरी चिठ्ठी येणार नाही."
खांबेट्यांनी पैसे दोनदा मोजले,
वरचे पाच रुपये कशाचे ते विचारून घेतले.

महिन्याने आले, वायपरच्या रबरासाठी.
मी चौकशी केली.
"काही नाही. एक शब्द नाही.
जिन्यात भेटतात, मानसुद्धा हलवत नाहीत."
मग उगाच बॉनेट पुसत राहिले, पोच्यापाशी.
"एक मात्र झालंय.
त्यांच्या गॅलरीखालीच लावतो ना मी गाडी.
बातम्या वरून स्वच्छ येतात.
हल्ली सुरू करून ठेवतो, गरम व्हायला म्हणून,
आणि हवामान होईपर्यंत निघत नाही."

"पेट्रोल जळतं," मी म्हणालो.

"जळतं," ते म्हणाले.